नाव न घेता रिव्ह्यू : सरकारी हॉस्पिटलचं एएनसी (गरोदर बायकांची तपासणी), आयसीटीसी (एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन) आणि एआरटी (एचआयव्हीची औषधं) सेंटर (नवी मुंबई)

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव टाकणार नाहीये. वहिनीनं अटच घातलीये, "लिही, पण माझं नाव नको आणि हॉस्पिटलचं तर अजिबातच नको, आपल्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायका तिथंच जातात." त्यामुळे एवढंच सांगते की ट्रान्स हार्बर लाईनवरचं एक स्टेशन, तिथून शेअर रिक्षा, आणि मोठं सरकारी हॉस्पिटल. जवळपास दोन वर्षं आम्ही तिथं चकरा मारल्यात, वहिनीच्या चौथ्या महिन्यापासून ते पोरगी दीड वर्षाची होईपर्यंत.

खरं तर सुरुवात तिथं नव्हतीच. घराजवळच्या एका प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये नाव घातलेलं, एसी, मासिकं, सगळं छान. रक्ताचे रिपोर्ट आले, एचआयव्ही पॉझिटिव्ह, आणि तिथल्या मॅडमनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्याकडे अशा केसेसची सोय नाही. वहिनीला काहीच नाही! रक्त तिचं, पोट तिचं, आणि रिपोर्ट दादाच्या हातात. एचआयव्हीचा वेगळा कायदा आहे बरं का आपल्याकडे, 2017 चा, सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला, त्यात स्टेटसवरून उपचार नाकारायला सरळ बंदी आहे. पण त्या दिवशी दादाच्या डोक्यात कायदा कुठून येणार, तो रबाळेला शिफ्टला गेलाच नाही, खाडीपुलाजवळ जाऊन बसला आणि तिथून मला फोन केला. नर्सिंग होमला माझ्याकडून शून्य स्टार, पुढे जाऊया.

मला का फोन केला, तर मी ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं काम करते, म्हणजे घरात कोणाला साधा खोकला झाला तरी मला विचारतात. खरं सांगायचं तर मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या स्क्रीनवर बायका म्हणजे एकेक नंबर असतो, व्हिजिट चुकली की त्या ओळीपुढे एलटीएफयू लिहायचं, लॉस्ट टू फॉलोअप, आणि पुढची ओळ घ्यायची.

तर आयसीटीसी. तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला. खोली एवढीशी, दोन खुर्च्या, एक कपाट, पंखा आवाज करतो. पण दार लागतं! ही मोठी गोष्ट आहे, सरकारी हॉस्पिटलात दार लागणारी खोली मिळत नाही. समुपदेशक ताईंनी पहिल्यांदा दादाला आणि मला बाहेर काढलं आणि वहिनीशी एकटीशी बोलल्या. मग तिची परवानगी घेऊन आम्हाला आत घेतलं. प्रायव्हेटच्या एका रिपोर्टवर विश्वास नाही ठेवला, पुन्हा रक्त घेऊन तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं, त्याच दिवशी सांगितलं, पॉझिटिव्ह. नंतर दादाचं, तोही पॉझिटिव्ह. आता कोणापासून कोणाला हा विषय निघणारच होता, दादा तोंड उघडणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "ते इथं नको. आज मला गोळ्या कधी सुरू करायच्या ते ठरवायचंय." आणि खरंच त्या खोलीत तो विषय परत कधी निघाला नाही. घरी निघाला, ती वेगळी गोष्ट.

त्याच आठवड्यात गोळी सुरू. रोज एक, तीन औषधं एकाच गोळीत, टीएलडी म्हणतात, पांढरी बाटली, एक पैसा नाही. 1 एप्रिल 2004 पासून सरकार एआरटी फुकट देतंय, तेव्हा मी शाळेत होते. मी घरी येऊन रात्री वाचत बसले आणि मला पहिल्यांदा कळलं की ही गोळी या खिडकीपर्यंत कशी कशी आलीये. 1994 ला अमेरिका-फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये दिसलं की एझेडटी हे एचआयव्हीचं औषध गरोदरपणात दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण 25 टक्क्यांवरून 8 वर येतं. पण ते महाग आणि किचकट. मग 1999 ला युगांडात, कंपालाला, नेव्हिरापीन या दुसऱ्या औषधाचा एक डोस आईला आणि एक बाळाला, एवढ्यावर काम भागतं असं सापडलं आणि आपल्याकडेही बरीच वर्षं तेच चाललं. दूध पिताना जी लागण व्हायची ती मात्र राहायचीच, म्हणून बाळाला सहा आठवडे रोज औषध देऊन बघितलं, इथिओपिया, युगांडा आणि आपलं पुणं, बी. जे. मेडिकल! 2008 ला छापून आलंय ते. म्हणजे ससूनमधल्या कुठल्यातरी बाईनं आपलं तान्हं बाळ त्या अभ्यासात घातलं म्हणून आज आमच्या हातात सिरपची बाटली आहे. 2014 पासून देशभर प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला पूर्ण उपचार आणि तेही आयुष्यभर. काहीच केलं नाही तर लागणीचा धोका 15 ते 45 टक्के, सगळं नीट झालं तर 5 च्या खाली. हा आकडा ताईंनी वहिनीला कागदावर लिहून दिला होता, तो कागद तिनं अजून पर्समध्ये ठेवलाय.

वहिनी पण गप्प बसणारी नाही, तिनं गुगल करून काढलं की टीएलडीतल्या डोल्युटेग्राविर या औषधानं बाळाच्या मणक्यात दोष येतो, आणि दोन दिवस गोळीच घेतली नाही. एआरटीच्या डॉक्टरांनी चिडचिड न करता समजावलं की 2018 ला बोत्सवानात तसा इशारा मिळाला होता, थोड्या बाळांवरून, नंतर हजारो बाळंतपणांची नोंद जमली तसा तो फरक विरत गेला, आणि 2019 ला डब्ल्यूएचओनं गरोदर बायकांसकट सगळ्यांसाठी तेच औषध पहिल्या पसंतीचं ठरवलं. ओपीडीत बाहेर साठ माणसं उभी असताना दहा मिनिटं दिली त्यांनी. याला पूर्ण मार्क.

आता मार्क कापायचे कुठे तर ऐका. एएनसीवाले आयर्न आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात, एआरटीवाले टीएलडी देतात, आणि या दोन खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत. कॅल्शियम आणि आयर्ननं डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषलंच जात नाही, उपाशीपोटी एकत्र घेतलं तर. एक तर सगळं जेवणासोबत घ्यायचं नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. वहिनी महिनाभर सकाळी चहाबरोबर तिन्ही गिळत होती! औषधाच्या खिडकीवरच्या मुलानं सहज विचारलं म्हणून कळलं. ज्या कोणाच्या घरी हे चालू असेल त्यांनी आजच बघा.

दुसरं, दारावरचा बोर्ड. एआरटी एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि रांग नेमकी कॅन्टीनसमोर. वहिनी ओढणी तोंडावर घेऊन उभी राहायची, मे महिन्यात. लॅबमधला माणूस एकदा मोठ्यानं ओरडला, "आयसीटीसीवाल्या कोण?" आणि सगळा कॉरिडॉर वळला. वहिनी उठलीच नाही, परत घरी, तो दिवस फुकट. पुढच्या तारखेलाही गेली नाही. माझ्या ऑफिसच्या भाषेत एलटीएफयू. इथं मात्र तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन, मग परत फोन, मग "मी स्टेशनला येऊन भेटू का, हॉस्पिटलात नको असेल तर" असा फोन. पगार कंत्राटी, तोही वेळेवर होत नाही म्हणे, आणि बाई स्टेशनवर यायला तयार. गेली मग वहिनी.

वेळही नोकरीवाल्यांसाठी नाहीच, दुपारी सगळं बंद, दादाचे किती हाफ डे गेले मोजले नाहीत. आणि ती बाटली! बॅगेत खुळखुळ वाजते, लोकलमध्ये आपल्यालाच ऐकू येते पण वाटतं अख्खा डबा ऐकतोय. वहिनीनं लेबल काढून आत कापूस भरला. गोळ्या दुसऱ्या डबीत काढायच्या नाहीत एवढं तिनं पाळलं.

बाळंतपण माहेरी करायचं की नाही यावर तर महाभारत. पहिलटकरीण, सांगलीकडचं माहेर, डोहाळजेवणालाच तिची आई गाडी ठरवून आलेली. माहेरी कोणालाच माहीत नाही. ताई म्हणाल्या ट्रान्सफरचं पत्र देते, तिकडेही एआरटी सेंटर आहे, गोळ्या मिळतील, पण आईपासून लपवून बाळाला रोज सिरप कसं पाजशील ते तू मला सांग. शेवटी डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय असं सांगून इथंच राहिली. बत्तीस आठवडे झाल्यावर व्हायरल लोड, रिपोर्टवर टीएनडी, म्हणजे विषाणू सापडलाच नाही. नॉर्मल डिलिव्हरी. लेबर रूमला तीनच स्टार, फाईलवर लाल पेननं काहीतरी लिहिलेलं आणि कॉट मुद्दाम कोपऱ्यात, डॉक्टर चांगले पण मावशी लांबूनच चादर टाकायच्या.

आणि मग घुटी. माझ्या आईला यातलं काही माहीत नाही, तिनं सहाण, वेखंड, जायफळ सगळं काढून ठेवलेलं आणि मधाचं बोट तर पहिल्याच दिवशी. आता इथं साध्या बाळासाठी जो नियम तो आमच्यासाठी दुप्पट, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या डरबानच्या अभ्यासात 1999 लाच दिसलेलं की नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळांपेक्षा दूध अधिक वरचं असं दोन्ही घेणाऱ्यांना लागण जास्त होते. आईला हे सांगणार कसं? "तुम्हाला दोघांना मीच घुटी दिली, मेलात का?" ताईंनी युक्ती काढली, प्रसूती वॉर्डात सगळ्या आज्यांना एकत्र बसवून सांगितलं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंबसुद्धा नाही, पाणी नाही, मध नाही, घुटी नाही, कोणाच्याच नातवंडाला नाही. आई चरफडली, पण शेजारचीलाही बंदी म्हटल्यावर गप्प बसली. सिरपचं तिला "कावीळ होऊ नये म्हणून" असं सांगितलंय. (माफ कर गं आई.)

सहा आठवड्यांनी पोरीच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले, तो कागद वाळवून लॅबला जातो. रिपोर्टला इतका उशीर की आम्ही तीनदा जाऊन आलो, दर वेळी "अजून आला नाही". मला ऑफिसात झोप लागायची नाही आणि घरीही नाही. इथं दोन स्टार, आणि तेही आला तेव्हा निगेटिव्ह होता म्हणून. मग सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात, कारण तोवर आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात असू शकतात आणि साधी टेस्ट फसवते.

ती शेवटची गेल्या मंगळवारी झाली. निगेटिव्ह. पोरगी ताईंच्या टेबलावरचा शिक्का घेऊन पळाली, तो कॅन्टीनजवळ सापडला.

एकूण पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन त्या एका खोलीचे. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आधी केस पेपर काढा, आधार आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत ठेवा, नवरा-बायको दोघं जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर 1097 फुकट आहे. कॅन्टीनचा चहा घेऊ नका, गेटबाहेर डावीकडे टपरीवर मिळतो तो बरा, आणि तिथून एआरटीची रांग दिसते, नंबर जवळ आला की उठायचं.