सहाऐवजी नऊ किलोवॅट: घरच्या सौनाच्या हीटरचा सात महिन्यांचा अनुभव

हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात आमचे रांगेतील छोटे घर आहे आणि इथल्या बहुतेक घरांप्रमाणे त्यात न्हाणीघराला जोडून सौनाची, म्हणजे गरम हवेत आणि वाफेत बसण्याची, खोली आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये त्या खोलीतील जुना ६ किलोवॅटचा विजेचा हीटर काढून आम्ही ९ किलोवॅटचा बसवला. तेव्हापासून बुधवार आणि शनिवार असा आठवड्यातून दोनदा त्याचा नियमित वापर झाला आहे. फिनलंडमध्ये घर घेणाऱ्या किंवा जुन्या घराची डागडुजी करणाऱ्या मराठी कुटुंबांकडून हीटर किती किलोवॅटचा घ्यावा हा प्रश्न मला वारंवार येतो, म्हणून सगळा हिशेब इथे सविस्तर मांडत आहे. मॉडेल कोणते घ्यावे यापेक्षा शक्ती किती घ्यावी हा निर्णय मला कितीतरी महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे कंपनीविषयी मी लिहिलेले नाही.

जुना हीटर वाईट नव्हता. घर घेतले तेव्हा सौना आणि न्हाणीघर यांच्यामध्ये आतून उष्णतारोधक थर भरलेली लाकडी भिंत होती आणि पाऊण तासात वरच्या बाकाजवळ ८० अंश तापमान सहज मिळत असे. न्हाणीघर नव्याने करताना ती भिंत काढून आम्ही दारासह संपूर्ण काचेची भिंत बसवली. खोली मोकळी आणि उजेडाची झाली खरी, पण पहिल्याच शनिवारी सव्वा तास उलटून गेल्यावरही काटा ७० अंशांच्या पुढे सरकला नाही. हीटरमध्ये रचलेल्या तापलेल्या दगडांवर ओगराळ्याने पाणी टाकल्यावर जी मऊ, अंगभर पसरणारी वाफ यायला हवी, जिला फिनिश लोक ‘लोयलू’ म्हणतात आणि जिच्यासाठीच सौनात बसायचे असते, ती दोन-तीन ओगराळ्यांतच मंदावू लागली.

चूक हीटरची नव्हती, आमच्या हिशेबाची होती. सर्वसाधारण नियम असा आहे की उष्णतारोधक भिंतींच्या खोलीत एक घनमीटर आकारमानामागे सुमारे एक किलोवॅट शक्ती लागते. आमची खोली २ मीटर लांब, १.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच आहे, म्हणजे आकारमान जवळपास ८ घनमीटर झाले. हा नियम ढोबळ आहे; प्रत्येक हीटरची मर्यादा वेगळी दिलेली असते. ६ किलोवॅटचे हीटर साधारणपणे ५ ते ८ घनमीटरच्या खोलीसाठी असतात, त्यामुळे जुना हीटर मर्यादेच्या अगदी काठावर का होईना, पण पुरत होता. मात्र ज्या पृष्ठभागामागे उष्णतारोधक थर नाही, म्हणजे काच, उघडी वीट, काँक्रीट किंवा त्यांवर लावलेल्या फरश्या, त्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे खोलीच्या आकारमानात १.२ घनमीटर मिळवून मग हीटर निवडायचा असतो. लाकडी भिंतीचा आतला पृष्ठभाग लवकर तापतो आणि मागचा थर उष्णता अडवून धरतो. काच मात्र आलेली उष्णता पलीकडच्या न्हाणीघराला सतत देत राहते. आमची काच दार धरून ३.८ चौरस मीटर आहे. तिचे साडेचार घनमीटर मिळवल्यावर ८ घनमीटरची खोली हीटरच्या दृष्टीने साडेबारा घनमीटरची ठरली. तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरात ओंडक्यांच्या उघड्या भिंतींचा सौना असेल, तर आकारमानाला थेट दीडने गुणतात.

दुकानातील विक्रेत्याने फक्त लांबी, रुंदी आणि उंची विचारून ८ किलोवॅटचा हीटर पुढे केला. काचेबद्दल त्याने विचारले नाही आणि आम्ही विचारले नसते तर तो सांगणारही नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ८ किलोवॅटच्या हीटरची मर्यादा ७ ते १२ घनमीटर असते आणि आमची गरज तिच्या बाहेर होती. ९ किलोवॅटची मर्यादा ८ ते १४ घनमीटर असते. साडेबारा हा आकडा तिच्या आत, वरच्या टोकापासून थोडे अंतर राखून बसतो, म्हणून आम्ही तोच घेतला.

शक्ती वाढली की विजेची बाजूही बदलते, आणि हा खर्च पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तीन फेजवर ६ किलोवॅटचा हीटर प्रत्येक फेजमधून ९ अँपिअरच्या आत वीज घेतो, म्हणून त्याला १० अँपिअरचे फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची केबल पुरते. ९ किलोवॅटला प्रत्येक फेजवर १३ अँपिअर लागतात, तेव्हा १६ अँपिअरचे फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची नवी केबल टाकावी लागली. घराचा मुख्य फ्यूज तीन फेजचा आणि २५ अँपिअरचा असल्याने सौना सुरू असताना ओव्हन आणि शेगडी दोन्ही पूर्ण शक्तीवर चालवणे आम्ही टाळतो. आमच्या घराला शहराच्या गरम पाण्याच्या जाळ्यातून ऊब मिळते, त्यामुळे एवढ्यावर भागले. ज्यांचे घर थेट विजेवर तापते, त्यांनी आधी वीजतंत्रज्ञाला घरी बोलावून पाहणी करून घ्यावी. अशा अनेक घरांत सौना चालू असेपर्यंत खोल्यांचे हीटर आपोआप बंद राहतील अशी जोडणी असते. जोडणीचे काम परवानाधारक तंत्रज्ञानेच करायचे असते, यात तडजोड नको.

पहिले तीन आठवडे मात्र समाधानाचे गेले नाहीत आणि त्याला कारण माझीच दगड रचण्याची पद्धत होती. जास्त दगड म्हणजे जास्त वाफ, अशा समजुतीने मी लहान-लहान दगड कॉइलच्या मध्ये घट्ट बसवले होते. त्यामुळे हवा खेळेना, कॉइल नको तितक्या तापल्या आणि एका संध्याकाळी अतितापापासून रक्षण करणारा कट-आउट पडून हीटर बंद झाला. तंत्रज्ञाने सगळे दगड काढून पाच ते दहा सेंटिमीटर व्यासाचे दगड पुन्हा रचून दाखवले: मोठे खाली, लहान वर, मध्ये हवेला वाट, दगडांचा भार कॉइलवर न येता एकमेकांवर येईल असा, आणि तरीही वरून एकही कॉइल उघडी दिसणार नाही असा. त्या दिवसापासून वाफेचा पोत बदलला.

आता पाऊण तासात वरच्या बाकाजवळ ८० अंश होतात. दगड मात्र हवेपेक्षा सावकाश तापतात, म्हणून आणखी १५ ते २० मिनिटे थांबूनच आम्ही आत जातो. विजेचा खर्च वाढेल अशी भीती होती, ती खोटी ठरली. वीज कंपनी दर तासाचा वापर ग्राहकाला दाखवते, त्यामुळे ताडून पाहता आले. काच बसल्यानंतर जुना हीटर दोन तास एकदाही न थांबता चालून १२ युनिट घेत असे. नवा हीटर पहिला पाऊण तास पूर्ण शक्तीने चालतो आणि मग थर्मोस्टॅट त्याला अधूनमधून विसावा देतो. संपूर्ण संध्याकाळ ९ ते १० युनिटमध्ये भागते.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. डिसेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांना ८० अंश सोसवत नाहीत, म्हणून मी थर्मोस्टॅट ६० वर ठेवला. मोठ्या हीटरने हवा इतक्या लवकर ६० अंशांवर नेली की दगड पुरेसे तापण्याआधीच कॉइल बंद झाल्या. टाकलेले पाणी वाफ न होता बरेचसे दगडांतून खाली गळाले. गरजेपेक्षा मोठा हीटर घेतल्यावर नेमके हेच रोज घडते. आमच्यापुरता उपाय असा निघाला की आधी ८० अंशांपर्यंत नेऊन दगड तापू द्यायचे, मग थर्मोस्टॅट उतरवून दार दहा मिनिटे उघडे ठेवायचे आणि बाबांना खालच्या बाकावर बसवायचे. तिथे त्यांना आमच्या गावच्या न्हाणीघरातल्या बंबाच्या उबेची आठवण आली आणि ते रोज संध्याकाळी स्वतःहून विचारू लागले.

जानेवारीत दोन घरे सोडून राहणाऱ्या कुटुंबाला हीटर बदलायचा होता आणि आमचा पाहून त्यांनीही ९ किलोवॅटचा घ्यायचे ठरवले होते. मी टेप घेऊन गेलो. त्यांची खोली साडेसहा घनमीटरची, चारही भिंती लाकडी, आणि काच म्हणाल तर दाराला हातभर झरोका. त्यांना मी ६ किलोवॅटचाच घ्यायला सांगितले. फेब्रुवारीत उणे १८ अंशांच्या एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या सौनात बसलो. तिथली वाफ आमच्याइतकीच मऊ होती, आणि त्यांना केबलही बदलावी लागली नव्हती.