वेबॅक मशीन: धीमं आहे, पण दुसरं आहेच कोण?

मला जालावर भटकायचा नाद आहे. एका टॅबमध्ये कुणा नटीचा घटस्फोट, शेजारच्यात कुठल्या तरी देशातली निवडणूक, तिसऱ्यात जुन्या बँडची मुलाखत. सापडलेलं ग्रुपवर टाकायचं, आणि वर्षभराने कुणी उघडलं की 'पान सापडले नाही'. या दुखण्यावर मला लागू पडलेला इलाज म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचं, वेबपानांच्या जुन्या नकला जपून ठेवणारं वेबॅक मशीन. संस्था १९९६ची, मशीन सगळ्यांसाठी खुलं झालं २००१ मध्ये. फुकट आहे.

पानाचा पत्ता टाकला की वर वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येतं. ज्या तारखेला नक्कल घेतली तिच्यावर ठिपका. निळा असेल तर बिनधास्त उघडा. हिरवा म्हणजे पान दुसरीकडे वळवलेलं, नारिंगी-लाल दिसला तर फार आशा धरू नका. निळ्यातही कधी फोटोंच्या जागी रिकामे चौकोन मिळतात, व्हिडिओ तर नशिबात असेल तरच.

जून २०२४ मध्ये एमटीव्ही न्यूजची वेबसाइट बंद झाली. दोन दशकांहून जास्त काळच्या मुलाखती, हिपहॉपच्या बातम्या, सगळं एका फटक्यात गेलं. आर्काइव्हने आपल्याकडची साडेचार लाखांवर पानं शब्द टाकून शोधता येतील अशी सोय करून दिली. माझे कितीतरी रविवार तिथे गेलेत आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

चालू घडामोडींसाठी मात्र माझा जीव मशीनच्याच 'चेंजेस' या सोयीवर. एकाच पानाच्या दोन तारखा निवडायच्या, ती शेजारी-शेजारी उघडतात. काढलेला मजकूर पिवळा, नवा निळा. गुपचूप मवाळ केलेला मथळा असा रंगेहाथ पकडायला मजा येते. (यात थोडा चोंबडेपणा आहे, मान्य.) पण प्रकरण गंभीरही असतं. जुलै २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच-१७ हे प्रवासी विमान युक्रेनमध्ये पडलं, त्या दिवशी तिथल्या एका फुटीरतावादी नेत्याच्या नावाने चालणाऱ्या पानावर लष्करी विमान पाडल्याची फुशारकी होती. नंतर ती पोस्ट उडाली, पण नक्कल इथे राहिली.

आता रडगाणं. धीमं म्हणजे किती धीमं! चहा टाकून या. पत्ता माहीत नसेल तर नुसत्या शब्दावरून आतला लेख बहुधा सापडत नाही. लॉगिनच्या भिंतीआडचं क्वचितच हाती लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला, ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती फुटली आणि मशीन काही दिवस बंदच होतं. परत आलं तेव्हा सुरुवातीला जुनं वाचता येई, नवं साठवता येत नसे. त्या काळात मी चक्क स्क्रीनशॉट काढत बसायचे. खातं उघडणार असाल तर पासवर्ड इतर कुठे वापरलेला नसावा. नुसतं पाहायला खातं लागतही नाही.

हल्ली ग्रुपवर काही टाकायच्या आधी मी 'सेव्ह पेज नाऊ' दाबते आणि नकलेचाच पत्ता पाठवते. तो पत्ता लांबलचक आणि दिसायला भिकार असतो, त्यावरून बोलणीही खाल्लीत. पाचपैकी चार तारे. एक कापला तो निव्वळ वेगासाठी.