मंगळवार पेठेतली दोन दिवसांची नाट्यकार्यशाळा : झीलकऱ्याच्या मुलाचा अनुभव

माझे अप्पा शाहिरी पथकात झीलकरी होते. शाहीर पुढं, हे मागं कानावर हात ठेवून 'जी जी रं जी' ओढायचे. लहानपणी वाटायचं, खरं काम शाहिराचं. अप्पा नुसता सूर धरतात. गेल्या शनिवार-रविवारी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका हॉलमध्ये इम्प्रोव्हायझेशन (म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसा प्रसंग रचणं) आणि प्राचीन ग्रीक रंगभूमीची कार्यशाळा केली आणि तो समज पार पुसला गेला. फी पंधराशे, आम्ही अठरा जण, डबा घरून.

शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच सकाळी आम्हाला गोल उभं केलं. अथेन्समध्ये डायोनायसस देवाच्या उत्सवात पन्नास-पन्नास जणांचे संघ असेच गोलात नाचत डिथिरॅम्ब गायचे. ॲरिस्टॉटल सांगतो, ही गाणी म्हणवून घेणारे म्होरके आयत्या वेळी जे रचायचे, त्यातून शोकांतिका वाढली. इ.स.पू. ५३४ च्या सुमारास थेस्पिस समूहातून पुढं आला आणि पात्र होऊन बोलू लागला, अशी परंपरा आहे. पुढं नाटककार एस्किलसनं दुसरा नट आणला, सोफोक्लिसनं तिसरा. नटाला ग्रीक शब्द 'हिपोक्रिटेस'. त्याचा एक अर्थ लावतात 'उत्तर देणारा'. तिथं मला अप्पाच दिसले. पोवाडा रंगात आला की 'मग काय झालं, शाहीर?' असं तेच विचारायचे. विचारणाराच नसला तर शाहीर उत्तर देणार कुणाला?

दुपारी जोड्या लावल्या. नियम एकच : समोरच्यानं जे सांगितलं ते खरं मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. माझी जोडीदार म्हणाली, "दादा, रंकाळा आटला की हो!" मी म्हणालो, "छे, कालच बघितला, भरलाय." प्रसंग जागीच मेला. ताईंनी पुन्हा करायला लावला. या वेळी मी म्हणालो, "म्हणून तर नाव डोक्यावर घेऊन घरी निघालोय." तिनं लगेच दुसरं टोक उचललं आणि पाच मिनिटं आम्ही ती नसलेली नाव पेठेतून वाहिली. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या हेच करतो, समोरच्याचा शब्द खाली पडू देत नाही.

रविवारी 'थिएट्रॉन' म्हणजे बघायची जागा आणि 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे नाचायची जागा, हे चित्रांवरून समजावलं. खासबागेच्या मैदानात कुस्ती बघितलेल्याला चित्र लागत नाही. मधे हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, अगदी मागच्यालाही पकड दिसते. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर अथेन्सकर असेच बसायचे. सगळ्यांना खासबागेत नेऊन उभं करायला हवं होतं.

मुखवट्यांना मात्र जेमतेम अर्धा तास मिळाला. पुठ्ठ्याचे मुखवटे, डोळ्यांची भोकं इतकी बारीक की जोडीदार दिसेना. मुखवट्यामागून आवाज कसा फेकायचा, हे राहूनच गेलं. त्याला एक अख्खा दिवस द्यावा, असं मी ताईंना सांगून आलोय.

पुढची तुकडी लागली की जा. शनिवारची सकाळ चुकवू नका, आणि घरात कुणी झील धरणारं असेल तर त्यांनाही बरोबर न्या. मी अप्पांचं नाव घालणार आहे.