गोळी खुराकाचे आठ महिने, आर्वीकडचा अनुभव

आमच्या कोठ्यात एक जर्सी संकर गाय अन् एक गवळाऊ, म्हणजे इकडची देशी गाय. दोघी धुऱ्याचं (बांधावरचं) गवत, कुटार (भुसा) आणि थोड्या सरकी ढेपेवरच असायच्या. आषाढात संकर गाय व्यायली तेव्हा २० टक्के प्रथिनांच्या गोळीचं, म्हणजे गोळ्यांच्या रूपातल्या पशुखाद्याचं, ५० किलोचं पोतं आणलं. आता फाल्गुन लागला.

श्रावण-भाद्रपदात माझे पैसे वाया गेले. ८ लिटरच्या गाईला जवळपास ५ किलो गोळी देत होतो. शरीराला दीड किलो आणि दर लिटरमागे ४०० ग्रॅम, असा हिशेब. पण तो वाळल्या वैरणीवरचा. दावणीत कोवळं मारवेल तसंच पडून राहायचं. गोळीनं पोट भरलं की गाय गवत सोडते. हळूहळू साडेतीन किलोवर आणलं, तर दूध अर्धा लिटरही उतरलं नाही.

खरी कमाई दिवाळीनंतरची. कुसळी गवत वाळलं की नुसती काडी उरते, प्रथिनं राहत नाहीत. पोटातल्या जिवाणूंचीच उपासमार झाली तर काडी पचणार कशी? तेव्हा गोळी हवीच. सोयाबीनचं जे कुटार गाय नाकानं बाजूला सारायची, तेच गोळी पुरेशी मिळू लागल्यावर सकाळपर्यंत दावण चाटून साफ.

पण एक चूक झाली. दूध वाढावं म्हणून मार्गशीर्षात दोन दिवसांत साडेतीनचे सहा किलो केले. तिसऱ्या दिवशी शेण पातळ, फेसाळ, आंबूस वासाचं; रवंथ बंद; दूध संकलन केंद्रावर फॅट उतरून २.८. डॉक्टरांनी गोळी थांबवली, खायचा सोडा दिला, नुसत्या कुटारावर ठेवलं. पोट आंबलं होतं. तो मुका जीव मान टाकून उभा होता आणि रात्रभर मला झोप नव्हती. आता वाढवायचं तर दहा-बारा दिवस घेतो, आणि तेही दोन वेळांत विभागून.

गवळाऊला रोज एक किलो गोळी आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण. दूध दोन लिटरच, पण दरसाल या दिवसांत बरगड्या मोजता यायच्या, त्या यंदा झाकल्या आहेत. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ आहे.

एक पोतं आतून ओलं निघालं, गोळ्यांवर हिरवट बुरशी. दुकानदारानं परत घेतलं नाही. बुरशीचं विष दुधातही उतरतं, म्हणून सगळं खड्ड्यात पुरलं. आता पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेवतो, आणि दुकानातच पोत्यात हात घालून वास घेतल्याशिवाय पैसे देत नाही.