यॉनेक्स मॅव्हिस ३५०: ज्युनिअर स्पर्धेच्या तयारीला कितपत चालतं?

बाजारात सहज मिळणाऱ्या बॅडमिंटनच्या नायलॉन शटलांत मॅव्हिस ३५० इतकं भरवशाचं दुसरं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही तेरा-चौदा वर्षांचं मूल राज्य मानांकन किंवा त्यापुढे आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेकडे बघत असेल, तर त्याचा मुख्य सराव या शटलवर होऊ देऊ नका. शटल वाईट आहे म्हणून नव्हे, तर अशा स्पर्धा पिसांच्या शटलवर होतात आणि नायलॉन हाताला वेगळं टायमिंग लावतं म्हणून.

गेम छोटे असले की याची किंमत जास्त मोजावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुवाहाटीत जागतिक ज्युनिअर अजिंक्यपद झालं. तिथे वैयक्तिक सामन्यांचे गेम २१ ऐवजी १५ गुणांचे होते. भारताच्या तन्वी शर्माने मुलींच्या एकेरीत रौप्य मिळवलं, अंतिम सामना ७-१५, १२-१५ असा गेला. १५ गुणांच्या गेममध्ये शटलचा अंदाज यायलाच पाच गुण गेले, तर गेमचा एक तृतीयांश भाग हातातून गेलेला असतो. पिसांच्या शटलची सवय सामन्यात करून घेण्याइतका वेळ अशा गेममध्ये मिळत नाही.

आधी मॅव्हिसचं चांगलं काय ते. एका ट्यूबमध्ये ६ शटल येतात. बूच नैसर्गिक कॉर्कचं असल्यामुळे फटका लागल्यावरचा आवाज आणि हाताला येणारी जाणीव स्वस्त फोमच्या बुचापेक्षा कितीतरी बरी असते. बूच आणि घेर (शटलचा पसरट भाग) जिथे जुळतात तिथे रंगीत पट्टी असते आणि खरेदी करताना पहिल्यांदा तीच बघायची. हिरवी पट्टी म्हणजे स्लो, साधारण २२ ते ३३ अंश सेल्सिअस तापमानासाठी. निळी मीडियम, १२ ते २३ अंशांसाठी. लाल फास्ट, ० ते १३ अंशांसाठी. मुंबई, कोकण, गोवा इथे जवळपास वर्षभर हिरवीच हवी. दुकानात निळी समोर असली की तीच उचलली जाते, मग मुलाचे क्लिअर (समोरच्या मागच्या रेषेपर्यंत मारलेले उंच फटके) बाहेर जाऊ लागतात आणि प्रशिक्षक त्याचं मनगट दुरुस्त करत बसतात. आधी पट्टी तपासा, मग मनगट.

टिकण्याच्या बाबतीत तक्रार करायला जागा नाही. खराब होताना घेर सहसा बुचाजवळच्या काड्यांपाशी फाटतो. त्याआधीच तो मऊ पडलेला असतो आणि बहुतेक जण तिथेच फसतात: शटल दिसायला धड असतं, पण जोरात मारल्यावर घेर जास्त आत दबतो आणि शटल लांब जातं. ओळखायला सोपं आहे. सरळ वर उंच मारा आणि खाली येताना बघा. डुगडुगत आलं तर ते सर्व्हिसच्या सरावाला ठेवा, सामन्याला नको. उन्हात उभ्या गाडीत ट्यूब ठेवली तर घेराचा गोल आकार बिघडतो, तेव्हा तेही टाळा.

आता मुख्य अडचण. पिसांचं शटल १६ पिसांचं असतं आणि नियमानुसार त्याचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. फटक्यानंतर ते सुरुवातीला सुसाट जातं, मग हवेच्या विरोधामुळे झपाट्याने मंदावतं आणि शेवटी तीव्र उतारानं खाली येतं. नायलॉनचा घेर जोरदार फटक्यात दबतो आणि मूळ आकारात यायला वेळ घेतो, म्हणून त्याचा मार्ग सपाट राहतो. परिणाम कोर्टवर स्पष्ट दिसतात. नायलॉनवर शिकलेल्या मुलाचा क्लिअर पिसांवर आखूड पडतो, कारण कमी जोरात मागच्या रेषेपर्यंत पोचायची त्याला सवय असते. स्मॅश परतवताना रॅकेट लवकर फिरते, शटल अजून आलेलंच नसतं. सर्वांत जास्त नुकसान नेटवर होतं. पिसांच्या शटलला अलगद घासलं की ते उलटंपालटं होत पलीकडे पडतं. नायलॉन तसं वागत नाही, त्यामुळे नेटवरचा स्पिन आणि तो परतवणं, दोन्ही कौशल्यं कच्ची राहतात. एकेरीत आज नेट ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे रॅली झुकते. ही उणीव उशिरा भरून काढणं फार कठीण.

म्हणून आमचा सल्ला असा. ११ वर्षांखालच्या मुलांना पकड, पावलं, सर्व्हिस आणि रॅली चालू ठेवणं शिकायला मॅव्हिस ३५० उत्तम. पिसांचं शटल त्यांच्या हातून चार फटक्यांत तुटतं आणि पैसा वाया जातो. त्यापुढे आठवड्यातलं किमान एक सत्र पिसांवर घ्या. मानांकन स्पर्धेत नाव दिलं की निदान सहा ते आठ आठवडे आधी सगळे गेम पिसांवर खेळा. खर्च आटोक्यात ठेवायला जुनी पिसं फेकू नका. एक-दोन पिसं मोडलेली शटल मल्टी-शटल फीडिंगला (एकामागून एक शटल देऊन घ्यायच्या सरावाला) आणि नेटच्या सरावाला चालतात. वीसचा एक संच करून हाफ कोर्टवर फीड द्या. पूर्ण कोर्टच्या क्लिअरला मात्र मोडकं शटल नको, त्याचा मार्ग वाकडा असतो.

पिसांचं घेताना ग्रेडपेक्षा वेगाचा आकडा महत्त्वाचा. यॉनेक्सच्या ट्यूबवर १ ते ५ आकडे असतात, १ सर्वांत संथ. ३३ अंशांच्या वर १, २७ ते ३३ ला २, २२ ते २८ ला ३, १७ ते २३ ला ४. काही कंपन्या ७५, ७६, ७७ असे आकडे देतात, तेही याच क्रमानं वाढत्या वेगाचे. गरम हवा विरळ असते, विरोध कमी, म्हणून शटल लांब जातं. उंचीचाही परिणाम होतो: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणून त्याच तापमानाला मुंबईपेक्षा तिथे किंचित संथ शटल लागू शकतं. नागपूरच्या मे महिन्यात १ च हवं.

आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको, चाचणी घ्या. मागच्या रेषेवर उभं राहून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीनं मारा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर आत पडलं तर वेग बरोबर. दोन्ही बाजूंनी मारून बघा, हॉलमध्ये वारा असेल तर एकाच बाजूचा निकाल फसवतो. पिसांची टोकं वाकवून वेग बदलायची सवय मुलांना अजिबात लावू नका. सामन्यात खेळाडूनं मुद्दाम शटल बिघडवणं नियमाविरुद्ध आहे.

कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात. ट्यूबची दोन्ही झाकणं काढून काही सेकंद वाफ जाऊ द्या, मग झाकण लावून रात्रभर उभी ठेवा. जास्त वाफ दिली तर वजन वाढतं आणि शटल पुढे पळतं. मुंबईच्या पावसाळ्यात वाफेची गरजच नाही, उलट ट्यूब घट्ट बंद ठेवा.

बनावट माल नायलॉनमध्येही आहे. सील, होलोग्राम आणि बुचावरची छपाई बघूनच घ्या. छपाई पुसट किंवा बुचावर गोंदाचे ओघळ असतील तर परत करा. आणि पैसे देण्याआधी स्पर्धेचं परिपत्रक वाचा. कोणतं शटल वापरणार ते बहुतेक वेळा त्यात दिलेलं असतं. शेवटच्या दोन आठवड्यांसाठी त्याच ब्रँडच्या, त्याच वेगाच्या दोन ट्यूब घ्या. सरावाच्या ढिगात त्या मिसळू नका, फक्त पूर्ण गेमसाठी काढा.