स्टेम सेलमध्ये पीएचडी : इथे, जर्मनीत की अमेरिकेत?

एमएस्सी संपत आलीय, नेट (संशोधन फेलोशिपची पात्रता परीक्षा) निघालीय आणि स्टेम सेलवरच, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात त्या मूळ पेशींवरच, काम करायचं हे पक्कं आहे, अशांसाठी लिहितेय. मी पीएचडी इथे भारतात केली आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) बाहेर, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी चाखलंय.

आधी पैसा. इथे जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झालात की ४२,०००, वर घरभाडं. रक्कम पुरते. वेळेवर येईलच असं मात्र धरून चालू नका. माझी एकदा पाच महिने अडकली होती, तेव्हा खोलीचं भाडं भावाने भरलं. जर्मनीत पीएचडी ही बहुतेक ठिकाणी करारावरची नोकरीच असते, तीन-चार वर्षांत मोकळं होता येतं. अमेरिकेत पाच-सहा वर्षं जातात, पण फी नसते, विद्यावेतन मिळतं, आणि पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काम करून मग गाइड ठरवता येतो. ही सोय इथेही काही संस्थांत आहे. असेल तिथे ती सोडू नका.

खरा फरक कळतो तो सेल्स वाढवायच्या इन्क्युबेटरपाशी. आयपीएस सेल्सना (मोठ्या माणसाच्या साध्या पेशींपासून लॅबमध्ये बनवलेल्या स्टेम सेल्सना) ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बहुतेक लॅबमध्ये रोज ताजं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, लागतं. रविवार असो की लक्ष्मीपूजन. कॉलनीची, म्हणजे सेल्सच्या पुंजक्याची, रेखीव कड फिसकटून सेल्स पसरट दिसायला लागल्या की पिपेटच्या टोकाने तेवढाच भाग खरवडून काढायचा. हे सगळीकडे सारखंच. पण ग्रोथ फॅक्टर (मीडियममध्ये घालायचं, सेल्स वाढवणारं प्रथिन) संपला तर तिकडे तो दोन दिवसांत टेबलावर येतो, इथे आठवडे जातात. माझं एक पार्सल विमानतळावर इतकं रखडलं की हातात आलं तेव्हा ड्राय आइस उडून गेला होता आणि आतली छोटी बाटली कोमट होती. दोन महिन्यांचा प्रयोग पाण्यात गेला. यातून चिकाटी येते असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, ती तरुण माणसांची वाया गेलेली वर्षं आहेत.

तरीही रक्ताच्या आजारांवर काम करायचं असेल तर मी इथेच राहा म्हणेन. सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे घराघरांत आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या स्टेम सेल्स क्रिस्परने (जनुकांत बदल करण्याच्या तंत्राने) दुरुस्त करणाऱ्या कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या उपचाराला ब्रिटनने २०२३ मध्ये मान्यता दिली; अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आपल्या रुग्णांना परवडेल असा मार्ग शोधायचा तर रुग्ण आणि त्यांना वर्षानुवर्षं तपासणारे डॉक्टर इथे आहेत.

भ्रूणाच्या सुरुवातीच्या वाढीत रस असेल तर अमेरिका बरी. जर्मनीत मानवी भ्रूणापासून नवी सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवता येणारा सेल्सचा वंश) बनवता येत नाही. बाहेरून आणायची तीही १ मे २००७ पूर्वी बनलेलीच, आणि परवानगीनेच. आयपीएसला ही अडचण नाही. आपल्याकडे स्टेम सेल संशोधनासाठी २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि संस्थेच्या समितीची मंजुरी लागते. परळच्या एनआयआरआरसीएच आणि बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थांमध्ये मानवी भ्रूणापासून अशा लाइन्स बनल्याही आहेत.

पीएचडीनंतर कुणी गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर स्टेम सेलचं इंजेक्शन विकणाऱ्या क्लिनिकमध्ये मोठा पगार देऊ केला तर जाऊ नका. रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर आपली मार्गदर्शक तत्त्वं अशा उपचारांना मान्यताप्राप्त चाचणीबाहेर परवानगी देत नाहीत.

देश कोणताही निवडा; होकार कळवण्याआधी त्या लॅबमधल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करा. रविवारी मीडियम कोण बदलतं आणि मागच्या विद्यावेतनाचे पैसे कधी जमा झाले, एवढं विचारा.