साताऱ्यातील एका विज्ञानवर्गाची झेनॉनवरील व्याख्यानमाला : अभिप्राय

पृथ्वीचे वातावरण कसे घडले हा विषय सशुल्क वर्गात घेतला की बहुधा ज्वालामुखी, पाऊस, समुद्र आणि शेवटी प्राणवायू अशी ठरीव गोष्ट ऐकायला मिळते. साताऱ्यातील एका खासगी विज्ञानवर्गाने मोठ्यांसाठी रविवारी सकाळी घेतलेल्या व्याख्यानमालेने मात्र सगळा भार झेनॉन या एकाच वायूवर टाकला, आणि दिलेली फी वसूल झाली ती मुख्यतः या निवडीमुळे.

हवेच्या दर अब्ज कणांमागे जेमतेम ८७ अणू असलेला हा वायू सहसा कशाशी संयोग पावत नाही. त्यामुळे वातावरणावर जे गुदरले त्याची नोंद त्याच्या नऊ समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या, पण कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या) प्रमाणात टिकून राहिली आहे. झेनॉन-१२९ चा काही भाग किरणोत्सारी आयोडीन-१२९ पासून येतो, ज्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्याचा काळ) सुमारे १.६ कोटी वर्षांचेच आहे. १९६० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन रेनॉल्ड्स यांना एका उल्केत झेनॉन-१२९ चे आधिक्य आढळले. पृथ्वीच्या प्रावरणातही (कवचाखालच्या जाड थरातही) त्याचे प्रमाण हवेपेक्षा जास्त आहे, म्हणजे प्रावरण आणि वातावरण यांची फारकत आयोडीन-१२९ संपण्यापूर्वीच, पृथ्वीच्या अगदी बालपणी झाली. हा युक्तिवाद फळ्यावर पायरीपायरीने मांडला गेला. बारावीचे रसायनशास्त्र विसरलेल्यांनाही तो समजला असावा.

सर्वांत सरस ठरले ते गारगोटीचे सत्र. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील गारगोटीची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती, आणि तिच्यात अडकलेल्या पाण्याच्या थेंबात एक बुडबुडा दिव्याच्या उष्णतेने किंचित सरकताना दिसत होता. अशा थेंबांत त्या काळच्या हवेचा अंश अडकून राहतो, पण आपला खडक अवघ्या साडेसहा कोटी वर्षांचा असल्याने प्राचीन हवेच्या प्रश्नाला निरुपयोगी आहे, हे व्याख्यात्यांनी लगेच स्पष्ट केले, ते बरे झाले. नाहीतर स्थानिक अभिमानाच्या भरात भलताच समज झाला असता. खरी साक्ष देतात त्या दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन येथील सुमारे ३३० कोटी वर्षांपूर्वीच्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील त्याहूनही जुन्या गारगोट्या. त्या निर्वातात चिरडून बाहेर आलेला झेनॉन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात) मोजला, तेव्हा तो पृथ्वीच्या सुरुवातीच्या झेनॉनपेक्षा जड समस्थानिकांकडे झुकलेला, पण आजच्या हवेइतका झुकलेला नाही, असे दिसले. म्हणजे हलके समस्थानिक अवकाशात निसटण्याची क्रिया एका झटक्यात न होता कोट्यवधी वर्षे चालू होती.

पण झेनॉनसारखाच निष्क्रिय आणि त्याहून हलका क्रिप्टॉन वायू का निसटला नाही? झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला, म्हणजे त्याचा विद्युतभारित आयन करायला, १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा पुरते, हायड्रोजनला १३.६ आणि क्रिप्टॉनला १४ लागतात. त्यामुळे झेनॉनचा आयन हायड्रोजनच्या गर्दीतही आयनच राहतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून वर निघालेल्या हायड्रोजन आयनांबरोबर ओढला जातो. ही गळती सुमारे २५० ते २१० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान थांबलेली दिसते, आणि हवेत प्राणवायू साचू लागला तोही याच सुमारास. हा हायड्रोजन मुळात पाण्यातला, म्हणून हायड्रोजन गमावणे म्हणजे अखेर पाणी गमावणे, हा दुवा व्याख्यात्यांनी विशेष परिश्रमाने जोडला.

धूमकेतूंचा भाग मात्र अक्षरशः उरकला. ६७पी या धूमकेतूजवळ रोझेटा या युरोपीय यानाने केलेल्या मोजमापात झेनॉन-१३४ आणि १३६ हे जड समस्थानिक कमी आढळले, व त्यावरून आपल्या हवेतील सुमारे २२ टक्के झेनॉन धूमकेतूंकडून आल्याचा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. सुरुवातीचा झेनॉन कसा होता, यावरच पुढची सगळी गळती मोजायची असते. तेव्हा हा भाग शेवटच्या काही मिनिटांत कोंबणे योग्य नव्हते. शिवाय आलेखांच्या झेरॉक्स प्रती इतक्या फिकट होत्या की अक्षावरचे आकडे वाचता येत नव्हते, आणि मागणी करूनही सुधारित प्रती मिळाल्या नाहीत. बैठक व्यवस्था साधी पण पुरेशी होती, चहा चांगला होता.

पुढील तुकडीत नाव नोंदवणाऱ्यांनी गारगोटीच्या सत्राला वेळेआधी पोहोचावे, कारण सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला बुडबुडा ओझरताच येतो.